सावड

सावडीची माणसं बांधावरून पुढे निघून चालली तेव्हा गवंडीण विळ्याला धार लावत होती. सातजण होते. पुढे मुकादम, मागे त्याच्या दोन भावजया, मग बाकीचे. तिनं मान वर केली तशी मुकादमानं मान खाली घातली आणि बांधावर काही सांडल्यासारखा पायाखाली बघत चालायला लागला.

गवंडीण हे तिचं नाव नव्हतं. बाप गवंडी होता म्हणून लग्न होऊन आल्यापासून सगळे तिला तेच म्हणायचे. ती उठली, विळा कमरेला खोचला आणि त्यांच्यामागे गेली.

"मुकादम, आज आमच्या रानात यायचं ठरलं होतं."

"ठरलं होतं," मुकादम थांबला. बाकीचे थोडं पुढे जाऊन उभे राहिले. "पण सूनबाई, सावड म्हणजे आज आम्ही तुझ्याकडे, उद्या तू आमच्याकडे. गेल्या साली तुमच्या घरातून दोन विळे यायचे, वर गाडी. यंदा एकच विळा. तोही कधी अर्ध्यातून उठून घरी पळेल, नेम नाही."

"मी येईन. सगळ्यांकडे येईन."

"आणि घरी तुझ्या नवऱ्याची कूस कोण बदलणार?"

तिनं रानाकडे बघितलं. गहू पिकून वाजायला लागला होता. वारा आला की रानभर कोरडा आवाज व्हायचा.

"एक सांगतो, राग मानू नकोस," मुकादम आवाज उतरवून म्हणाला. "माणसं तुझ्या रानात पाय घालायला कचरतात. तुझी सासूच सांगत फिरते की सून देवाला मानत नाही म्हणून पोरावर ही पाळी आली. मी म्हणतो असं काही नसतं. पण लोकांचं तोंड कोण धरणार? देवाचं नाव घे. मनापासून घे. मग बघ."

"घेतलं तर याल?"

"देवाशी सौदा करायचा नसतो."

"मी तुमच्याशी करत होते," ती म्हणाली.

पुढे थांबलेल्या बायकांपैकी एकीला हसू आलं. ते तिनं खोकल्यात घातलं. सगळे निघून गेले. गवंडीण परत आली, रानाच्या कडेला बसली आणि पहिली ओळ एकटीनं धरली.

नवऱ्याला पडून दोन महिने झाले होते. तो गाडीवान. त्याची स्वतःची गाडी आणि बैलजोडी होती. चारा, विटा, धान्य, लोकांचं सामान, जे असेल ते वाहायचा. त्या दिवशी कडब्याची गाडी भरून तो वर चढला होता, दोर आवळत होता. दोर तुटला. तो पाठीवर पडला, चाकाच्या कडेवर. मोठ्या दवाखान्यात महिना काढून घरी आणला तेव्हा कमरेखालचं काहीच त्याचं राहिलं नव्हतं. पाय होते, पण दुसऱ्या कुणाचे आणून ठेवल्यासारखे. लघवीला नळी आणि पिशवी. बैल मेहुण्याकडे पाठवले. गाडी गोठ्यात उभी होती आणि तिच्या जुवावर म्हातारी सासू धुणं वाळत घालायची.

गाडीवान देवाचा माणूस. रोज पहाटे बैल जुंपताना चार ओळी म्हणायचा. त्याच्या आज्यानं त्याच्या बापाला शिकवलेल्या, बापानं त्याला. चौदा वर्षं गवंडीण त्या पुटपुटण्यानं जागी होत आली. ती स्वतः कधी काही म्हणायची नाही. तो तिला 'तूही म्हण' म्हणायचा नाही, आणि ती त्याला हसायची नाही. त्यांच्यात तेवढं ठरून गेलं होतं.

दवाखान्यातून आल्यापासून तो पहाटे जागा असायचा, छताकडे बघत पडायचा, आणि घरात आवाज नसायचा.

दुपारी ती घरी आली तेव्हा म्हातारी दाराशी बसली होती. गुडघे धरलेले. "आले नाहीत ना कुणी?" तिनं विचारलं.

"नाही आले."

"मी काही वाईट बोलले नव्हते. नुसतं म्हटलं होतं."

गवंडीण आत गेली. नवऱ्याच्या अंगाखालची चादर एका बाजूनं गुंडाळून धरली, गुडघा खाटेला टेकवला आणि ओढून त्याला कुशीवर केलं. नर्सबाईनं शिकवलं होतं तसं. दर दोन तासांनी करायचं असं तिनं सांगितलं होतं. सकाळी गवंडीण रानात गेली त्याला पाच तास झाले होते. आईच्या अंगात त्याला हलवायची ताकद नव्हती.

"एकटीनं किती झालं?" त्यानं भिंतीकडे तोंड करून विचारलं.

"एक वाफा. अर्धाच म्हणा."

"अकरा आहेत."

"मला माहीत आहेत."

तिनं पिशवी रिकामी केली, हात धुतले, त्याची पाठ ओल्या फडक्यानं पुसली. पाठ अजून गाडीवानाचीच होती, रुंद, मानेखाली उन्हानं काळी पडलेली. खाली गेलं की मांस सुटत चाललं होतं.

"तुम्ही हल्ली पहाटेचं म्हणत नाही," ती पुसता पुसता म्हणाली.

"काय म्हणू?" तो म्हणाला. "त्यानं केलं म्हणावं तर राग येतो. त्यानं केलं नाही म्हणावं, तर मग तो करतो काय? दोन्हीकडून डोकं आपटतं. तुझं बरं आहे."

"माझं काय बरं?"

"तुला कुणाला जाब विचारायचा नाही."

"ते खरं," ती म्हणाली. "पण सांगायलाही कुणी नसतं."

ती नऊ वर्षांची असताना तिची आई बाळंतपणात अडली होती. तीन दिवस घर माणसांनी भरलं होतं आणि सगळे प्रार्थना करत होते. बापही. आई चौथ्या दिवशी गेली. नंतर बाप एकदाच त्यावर बोलला. म्हणाला, आपण तीन दिवस तोंडानं काम केलं. हातानं केलं असतं, तिला खाटेवर घालून दवाखान्यात नेलं असतं, तर जगली असती. त्यानंतर त्यानं कधी हात जोडले नाहीत. तो दुःखातून बाहेर आला असंही नाही. नुसता काम करत राहिला, भिंतीवर भिंत. मुलीनंही तेवढंच उचललं. मनाला लागलं की ती काहीतरी घासायची, उपसायची, कापायची. त्यानं दुखणं जायचं नाही. दिवस मात्र जायचा.

"मला काहीतरी काम दे," गाडीवान म्हणाला. "तुझ्यासारखा होऊन बघतो."

ती बाहेर गेली आणि भिजवलेल्या काडाची मोळी घेऊन आली. पेंढ्या बांधायला बंध लागत होते. ते वळत बसायला तिला वेळ नव्हता. तिनं मोळी त्याच्या छातीशी ठेवली. कुशीवर पडल्या पडल्या त्यानं दोन काड्या घेतल्या, अंगठ्यानं दाबल्या, पीळ दिला. हात लगेच लागला. तिनं संध्याकाळी येऊन बघितलं तर खाटेखाली बंधांचा ढीग पडला होता आणि तो आईशी बोलत होता, मेहुणा बैलांना नीट पाणी दाखवतो की नाही यावर.

असे सहा दिवस गेले. ती उजाडता रानात जायची. बसून कापायचं, पुढे सरकायचं, मूठभर झालं की मागे टाकायचं. चौथ्या दिवशी डाव्या हाताच्या करंगळीला विळा लागला. तिनं चिंधी गुंडाळली, तिला धुळीचं कवच चढलं. कंबर अशी धरायची की उभं राहताना आधी हात जमिनीला टेकायचे, मग एक पाय, मग दुसरा. शेजारच्या रानात सावड चालली होती. त्यांचं बोलणं, हसणं वाऱ्याबरोबर यायचं. दुपारी ते सगळे एका झाडाखाली बसायचे. तिच्या रानातलं झाड छोटं होतं, एका माणसापुरतं.

दुपारी ती घरी यायची तेव्हा नवरा म्हणायचा, "आता हलवू नकोस, हात बसलाय. एवढे वळून होऊ दे." ती दमलेली असायची. तो हसत असायचा. दोन महिन्यांत पहिल्यांदा. ती त्याला तसाच ठेवून परत जायची.

सातव्या दिवशी नर्सबाई मोपेडवरून आली. दर आठवड्याला यायची. गवंडीणला रानातून हाक मारून आणलं. बाईनं गाडीवानाचे कपडे बाजूला केले आणि गवंडीणला हात करून जवळ बोलावलं. उजव्या खुब्यावर तळहाताएवढा चट्टा होता. मधोमध फुटलेला, कडा काळपट, आत ओलं. वास येत होता. काडाच्या ओल्या वासात तो कुणाला वेगळा कळला नव्हता.

"दोन तासांनी कूस बदलायची सांगितली होती."

"हो."

"याला दुखत नाही. याला कळणारच नाही. ते तुम्हाला कळायला पाहिजे."

"हो," गवंडीण म्हणाली.

"मीच म्हणत होतो, हलवू नको," गाडीवान म्हणाला.

"तुम्ही म्हणाल हो," नर्सबाई म्हणाली. ती वाईट बाई नव्हती. दिवसाला बारा घरं करायची आणि तिचेही पाय सुजलेले होते. तिनं जखम धुतली, पट्टी केली, इंजेक्शन दिलं, अंगाला हात लावून बघितला. ताप होता. "उद्या परत येते. तीन दिवसांत उतरला नाही तर दवाखान्यात. तोपर्यंत याच्याजवळ माणूस पाहिजे. धडधाकट माणूस." तिनं म्हातारीकडे बघितलं नाही.

गवंडीण तिला पोचवायला बाहेर आली. आभाळाच्या एका कडेला राखेच्या रंगाचं काही चढत होतं. रानात सहा वाफे उभे होते. तिनं विळा भिंतीच्या खाचेत अडकवला.

तीन दिवस ती घराबाहेर पडली नाही. घड्याळ खाटेच्या पायाशी ठेवलं. दोन तास झाले की चादर, गुडघा, ओढ. ताप चढला की कपाळावर फडकं, उतरला की घाम पुसायचा आणि दूध चमच्यानं. कामात तिला नेहमी जे मिळायचं ते या वेळी मिळेना. फडकं पिळताना तिच्या मनात एकच चालायचं: काड मी दिलं. तिनं दिलं होतं, हे खरंच होतं. ते कुणी पुसून टाकणार नव्हतं. मुकादम असता तर म्हणाला असता, वर माफी आहे. तिच्यासाठी वर छप्पर होतं आणि छपराच्या वर आभाळ.

म्हातारी दुसऱ्या दिवशी तिच्याजवळ येऊन बसली. "मी रोज मागते," ती म्हणाली. "पण खरं सांगू का पोरी, मागता मागता मला झोप लागते. पूर्वी असं व्हायचं नाही. आता चार शब्द झाले की डोळा लागतो. देवाला राग येत असेल."

"येत नसेल," गवंडीण म्हणाली. "तुम्ही दमलाय."

"तू मानत नाहीस आणि मला असं सांगतेस."

"असला तर एवढं समजत असेल त्याला."

म्हातारीनं तिच्या दंडाला हात लावला, मग तो तसाच ठेवून भिंतीला टेकली आणि खरंच झोपली.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला. अवकाळी, तिरका, वाऱ्याबरोबर. पत्र्यावर इतका आवाज झाला की घरात बोललेलं ऐकू येईना. गवंडीण दारात जाऊन उभी राहिली. रान तिथून दिसत नव्हतं, पण ते आडवं होत असणार हे तिला कळत होतं. ती आत आली. गाडीवानाचे डोळे उघडे होते आणि लाल होते. ओठ फुटले होते. तो काहीतरी म्हणत होता. तिनं कान त्याच्या तोंडाशी नेला.

"म्हण," तो म्हणत होता.

"काय म्हणू?"

"ते. मला आठवत नाही. सुरुवात आठवत नाही."

तिच्या हातात पिशवी होती, नुकतीच सोडवलेली, भरलेली. ती ठेवायला तिनं इकडेतिकडे बघितलं.

"मला येत नाही हो," ती म्हणाली. "मी कधी म्हटलंय का?"

"म्हण."

तिनं तोंड उघडलं. काय निघेल तिला माहीत नव्हतं. निघालं ते त्याच्याच चालीत निघालं, बैलाच्या मानेवर जू टेकवताना तो जिथे थांबायचा तिथेच थांबत.

"रस्ता दाखवणाऱ्या, पुढे हो. मुक्याला बळ दे, चाकाला बळ दे. भरलेलं पोचू दे, रिकामं परत येऊ दे. आणि कुठे अडलोच तर..."

"वाट," गाडीवान म्हणाला.

"काय?"

"वाट दाखवणाऱ्या. रस्ता नाही."

"बरं. वाट."

"पुन्हा म्हण."

तिनं पुन्हा म्हटलं. पिशवी हातात धरून, वाकलेली, पाऊस पत्र्यावर कोसळत होता म्हणून मोठ्यानं. "आणि कुठे अडलोच तर एकट्याला ठेवू नको." तिला त्यातला एकही शब्द कुणापाशी पोचतोय असं वाटलं नाही. पण नवऱ्यानं डोळे मिटले होते आणि त्याचे ओठ तिच्या शब्दांमागून हलत होते. तो थांबला नव्हता म्हणून तीही थांबली नाही. पाचदा की सहादा म्हटलं. शेवटी तिचा आवाज बसला. तिनं पिशवी नेऊन रिकामी केली, धुतली, परत लावली, आणि घड्याळ बघून त्याची कूस बदलली. म्हातारी दारात उभी राहून सगळं बघत होती.

पाऊस उघडल्यावर नर्सबाई चिखलातून आली. तिनं तिसरं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला होता.

गाडीवानाला पातळ दूध पाजताना गवंडीण म्हणाली, "औषध लागू पडलं."

"पडलं असेल." तो घोट घेऊन थांबला. "काल तू म्हणत होतीस तेव्हा तुला काही वाटलं? बरं वाटलं?"

तिनं विचार केला. खोटं बोलायला तेव्हा तिच्याकडे जोरही नव्हता. "नाही. तुम्ही म्हण म्हणालात म्हणून म्हटलं. म्हणत होते तेवढा वेळ त्या काडाचं डोक्यात आलं नाही, एवढंच."

"कुठल्या काडाचं?"

"मी दिलेल्या."

तो तिच्याकडे बघत राहिला. "अगं, त्या काडावर मी सहा दिवस जगलो," तो म्हणाला.

तिनं वाटी खाली ठेवली आणि तोंड दुसरीकडे केलं.

"आणि तुम्हाला?" मग तिनं विचारलं. "तुम्हाला बरं वाटलं?"

"तुझा आवाज बरा वाटला. बाकीचं अजून कळत नाही."

तिसऱ्या प्रहरी अंगणात पावलं वाजली. मुकादम होता. मागे सावडीची चार माणसं, विळे घेऊन. दोघं आली नव्हती. म्हातारी सकाळीच त्याच्या घरी जाऊन आली होती हे तेव्हा कळलं. मुकादम पायातलं काढून आत आला, खाटेजवळ बसला, गाडीवानाचा हात हातात घेतला. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्यात काही ढोंग नव्हतं.

"आईनं सांगितलं सगळं," तो म्हणाला. "तीन दिवसांचा ताप एका प्रार्थनेनं उतरला. मी म्हणत होतो ना सूनबाई, मनापासून घे. शेवटी आलीस त्याच्याकडे. आता रानाचं मनावर घेऊ नकोस. आडवं झालंय, पण कुजायच्या आत उचलू. माणसं आणलीत."

गवंडीण चुलीपाशी उभी होती. हो म्हटलं की सहा वाफे उचलले जाणार होते. नुसती गप्प राहिली तरी चालणार होतं. म्हातारी तिच्याकडे बघत मान हलवत होती, की राहू दे, बोलू नकोस. ती गप्प राहिली. तिला फार दमल्यासारखं वाटत होतं.

"ती नाही आली," गाडीवान म्हणाला.

"काय?"

"देवाकडे नाही आली. ती मानत नाही, मुकादम. अजूनही मानत नाही. मी म्हण म्हटलं म्हणून म्हणाली." त्याला धाप लागली. तो थांबला आणि परत बोलला. "ती माझ्याकडे आली होती."

म्हातारीनं डोळे मिटून घेतले. मुकादमानं गाडीवानाचा हात सोडला नाही, पण तो आता नुसता हातात राहिला होता. दाराशी उभ्या असलेल्या बाईनं विळा या हातातून त्या हातात घेतला.

"तू आजारी आहेस," मुकादम शेवटी म्हणाला. "फार बोलू नकोस." तो उठला, बाहेर गेला. अंगणात त्याचं आणि बाकीच्यांचं हळू काही बोलणं झालं. एकजण मोठ्यानं म्हणाला, "मग काय करायचं?" त्यावर मुकादम काय म्हणाला ते आत ऐकू आलं नाही.

"कशाला बोललात?" गवंडीण नवऱ्याला म्हणाली.

"खोट्यावर गहू कापून नको होता." त्यानं डोळे मिटले. "चौदा वर्षं तू माझ्यासाठी नुसतं दाखवायलाही कधी काही केलं नाहीस. आज मी कसं करू देऊ?"

तिनं घड्याळ बघितलं. चादर गुंडाळली, गुडघा टेकवला, त्याला डाव्या कुशीवर केलं. पाणी हाताशी ठेवलं. म्हातारीला म्हणाली, "दोन तासांत येते. तोवर त्यांना काही हातात देऊ नका." मग खाचेतला विळा काढला आणि बाहेर आली. अंगण मोकळं होतं.

रान चिखलाचं झालं होतं. गहू ओल्या केसांसारखा एका बाजूला पडला होता. उरलेल्यातल्या पहिल्या वाफ्यात दोघीजणी बसल्या होत्या आणि वाकून, पडलेलं हातानं उचलून धरून कापत होत्या. पलीकडे एक माणूस कापलेलं बांधावर पसरत होता. चौथा दिसत नव्हता. मुकादम वाफ्याच्या टोकाला एकटा उभा होता, आभाळाकडे बघत.

गवंडीण जवळ गेली. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. ती त्याच्या शेजारची ओळ धरून बसली. थोड्या वेळानं तोही बसला, गुडघ्यातून कण्हत, आणि विळा मागे ओढून पहिली मूठ कापली. दोघांनी त्या ओळी पलीकडच्या बांधापर्यंत नेल्या.